थॉर्नबेकच्या बँडचं वाटोळं कुणी केलं

“मिस्टर हर्स्ट, आपला बँड कुत्र्यांच्या तोंडी गेला तो तुमच्यामुळेच ना?”

विचारलं बाई एकदाचं. गुरुवारची तालीम होती आणि चहाची सुट्टी चालली होती. बँडच्या खोलीत सव्वीस माणसं, एक किटली आणि बिस्किटांचा एकच डबा. माझ्या मागे इक्रा आणि जॉर्जी एकमेकींच्या बाह्या धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. “त्याच्या तोंडावर विचारून दाखव, टिली. मग तू खरी पहिली कॉर्नेट.” पंधरा दिवसांपूर्वी मला पहिल्या कॉर्नेटची, म्हणजे छोट्या ट्रंपेटवाल्यांतल्या मुख्य वादकाची, खुर्ची मिळाली होती. पंधराव्या वर्षी! थॉर्नबेकच्या बँडमध्ये एवढ्या लहान मुलीला ती कधीच मिळालेली नाही. तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटत नव्हती, गणिताच्या सरांचीसुद्धा नाही.

मिस्टर हर्स्टनी कप खिडकीत ठेवला. ते शहात्तर वर्षांचे, उंच, वाळून काटकी झालेले. चहा नेहमी एकटेच प्यायचे, रेडिएटरला पाठ लावून.

“हो,” ते म्हणाले. “माझ्यामुळेच.”

ट्रॉम्बोनवाल्या कीथनं चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते तुटून तळाला गेलं तरी त्याला पत्ता नाही.

माझी सगळी तयारी ‘नाही’ची होती. ते चिडणार, मग मी असं म्हणणार, ते ओरडणार, मग मी तसं म्हणणार. तीन उत्तरं पाठ करून आले होते. समोरचा ‘हो’ म्हणाला तर काय करायचं याचा विचारच केला नव्हता.

“आणखी काही?” त्यांनी विचारलं. “नाही? मग माझं ऐक. दुसऱ्या पानावर तू एकटी वाजवतेस, त्याच्या आधी श्वास घेतेस तो म्हशीसारखा घेतेस. परीक्षकाला दिसत काही नसलं तरी ऐकू सगळं येतं.”

कीथ फिस्सकन हसला. जॉर्जी हसली! माझीच मैत्रीण, तिच्याच पैजेला, माझ्यावरच! माझे कान असे तापले की त्यावर अंडं तळता आलं असतं. त्याच क्षणी मी ठरवलं, या म्हाताऱ्याला मी सोडणार नाही.

हे कुत्र्यांचं वाक्य म्हणजे आमच्या गावाचं राष्ट्रगीत. थॉर्नबेक म्हणजे यॉर्कशायरच्या डोंगरातल्या दोन बंद गिरण्या आणि एक चालू चिप्सचं दुकान. कुणीही वयस्कर माणूस बाकावर टेकलं की आधी सुस्कारा, मग मान दोनदा डावीउजवीकडे, आणि मग, “सगळं कुत्र्यांच्या तोंडी गेलं.” चिप्सवाल्यानं चरबी सोडून तेल वापरायला घेतलं, गेलं कुत्र्यांच्या तोंडी. चर्चमध्ये गालिच्यांचं दुकान निघालं, गेलं. पोस्ट बंद झालं, बस तासाला एक झाली, पोरी नाकात रिंगा घालायला लागल्या, गेलं, गेलं, गेलं. माणसांनी खायच्या लायकीचं उरलं नाही की अन्न कुत्र्यांपुढे टाकायचे, तिथून हे आलं असं आमच्या इंग्रजीच्या बाई सांगतात. (जॉर्जीचा कुत्रा उकडलेली कोंबडी खातो, ते सोडा.) बाईंनी एकदा वर्गात या वाक्याचे उपयोग लिहून आणायला सांगितले होते. मी दोन दिवसांत एकेचाळीस गोळा केले, नुसत्या बसथांब्यावर उभं राहून. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एकेचाळीसांतला एकही जण स्वतःबद्दल बोलत नव्हता. स्वतःचे गुडघे कितीही कुरकुरोत, ते काही कुत्र्यांच्या तोंडी जात नाहीत. जातं ते सगळ्यांचं, आणि घालवतो तो नेहमी दुसराच कुणीतरी.

बँडच्या बाबतीत हा दुसरा कोण, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सतरा वर्षांपूर्वी आमचा पितळी वाद्यांचा बँड सगळ्यात वरच्या वर्गात होता. त्या वर्षीचा फोटो अजून खोलीच्या भिंतीवर आहे. लाल कोट, चकचकीत वाद्यं, मध्ये पहिल्या कॉर्नेटच्या खुर्चीवर माझे बाबा, ऐन पंचविशीत, केसांना जेल लावलेले. मागच्या रांगेत उजवीकडून तिसऱ्या माणसाला चेहराच नाही. कुणीतरी खिळ्यानं खरवडून काढलाय. ते मिस्टर हर्स्ट. तेव्हा ते बँडचे चिटणीस होते, आणि कुठल्याशा फालतू फॉर्मवरून त्यांनी स्पर्धा घेणाऱ्या मंडळाला पत्र लिहून आपल्याच बँडची चुगली केली. दोन वर्षांची बंदी आली. चांगले वाजवणारे दुसऱ्या बँडांत पळाले. बंदी उठली तेव्हा मागे उरले होते नऊ जण. मग दर वर्षी एक वर्ग खाली, एक वर्ग खाली, करत करत आता आम्ही तळाच्या वर्गात आहोत. तिथे आमच्या पुढे एका प्राथमिक शाळेचा बँड आला होता मागच्या वर्षी. त्यांच्या ड्रमवाल्याला समोरचे दात यायचे होते.

एवढं करून मिस्टर हर्स्ट बँडमध्येच राहिले, ही सगळ्यात संतापाची गोष्ट. दुसरा बॅरिटोन वाजवायचे, म्हणजे जाड सुराचं पितळी वाद्य. दुसऱ्या बॅरिटोनला एकट्यानं वाजवायला कुणी संगीतकार एक ओळसुद्धा देत नाही. सगळ्यांच्या मधोमध बसायचं आणि कुणाला ऐकू येणार नाही असं वाजवायचं. त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी. त्यांच्या स्टँडचा स्क्रू कुणीतरी दर महिन्याला ढिला करायचं आणि ते दर महिन्याला मुकाट्यानं आवळायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या बॅरिटोनच्या तोंडात चहाची ओली पिशवी सापडली. सगळे पोट धरधरून हसले. ती मी टाकली होती.

त्या गुरुवारी घरी जाताना गाडीत बाबा भलतेच खुशीत होते.

“कबूल केलं! सगळ्यांसमोर! सतरा वर्षांत कुणी तोंडावर विचारलं नाही त्याला, आणि माझ्या पोरीनं विचारलं.”

“मला म्हैस म्हणाला तो.”

“म्हणू दे. सोमवारपर्यंत म्हणू दे काय म्हणायचं ते.”

बाबा बँडचे अध्यक्ष आहेत. सोमवारी संध्याकाळी सभा होती आणि विषय एकच. डेरेक हर्स्ट यांना बँडमधून कमी करावं. बॅरिटोन बँडच्या मालकीचा, तोही परत घ्यावा.

“एक्कावन्न वर्षं वाजवतोय तो, नील,” आई पुढच्या सीटवरून म्हणाली. “राहू दे की. असा किती दिवस वाजवणार आहे आता?”

“तू यात पडू नकोस, शीला. बँड वर काढायचाय मला. हा मधोमध बसून असतो भुतासारखा, नवीन माणूस टिकत नाही.”

“भुतासारखा,” आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

“मी बोलते सोमवारी!” मी मागून ओरडले. “मुलांच्या वतीनं. आणि नुसती बोलणार नाही, ते चुगलीचं पत्र मोठ्यानं वाचूनच दाखवते. बँडच्या कपाटात असेल ना?”

बाबांनी गिअर चुकवला. गाडी खाकरली.

“पत्र कशाला? जुनं झालं ते. कपाटात उंदीर आहेत, हात नको घालूस.”

“पण पुरावा नको?”

“सगळ्यांना माहितीय, टिली. पुरावा कशाला लागतोय?”

पण मला लागत होता. म्हैस म्हटलं होतं मला!

शनिवारी दहाला लहान मुलांची तालीम असते आणि पहिली कॉर्नेट झाल्यापासून खोलीची किल्ली माझ्याकडे. मी नऊलाच गेले. दार उघडंच होतं. आत लांब टेबलावर मिस्टर हर्स्ट बसले होते, समोर सुरावटींच्या फाटक्या कागदांचा ढीग आणि चिकटपट्टी. दर शनिवारी ते येऊन बँडचे सगळे कागद दुरुस्त करतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या कॉर्नेटच्या पानाचा कोपरा दर आठवड्याला आपोआप नीट होतो असं मी समजत होते बहुतेक.

“काय हवंय?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“तुमचं पत्र.”

“कुठलं?”

“चुगलीचं.”

“डावीकडचं कपाट, तिसरा कप्पा, निळी फाईल. स्टूल घे. पडलीस तर तुझा बाप मलाच धरेल.”

मी स्टूल घेतलं नाही. चवड्यांवर उभी राहिले, फाईल ओढली आणि ती धुळीसकट माझ्या तोंडावर आली. त्यांनी मान वळवली नाही. पहिलाच कागद पत्राची नक्कल, टाईप केलेली. मी मुद्दाम मोठ्यानं वाचायला लागले.

“‘महोदय, एकवीस मार्चच्या स्पर्धेत थॉर्नबेक बँडचा चिटणीस म्हणून मी सही करून दिली की वाजवणारा प्रत्येक जण आपापल्या कार्डावरचाच माणूस आहे. तसं नव्हतं. सही करताना मला ते माहीत होतं. मी माझी सही मागे घेत आहे. चूक माझी आहे. डी. हर्स्ट.’”

मी कागद उलटा करून बघितला. मागे काही नाही. एवढंच.

“बरं वाचतेस,” ते म्हणाले. “सोमवारी यापेक्षा हळू वाच. मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.”

“हा फालतू फॉर्म?” मी म्हटलं. “सगळे म्हणतात फालतू फॉर्म होता!”

त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडली.

मला हे कार्डांचं प्रकरण चांगलं ठाऊक होतं. आम्हा प्रत्येकाचं फोटो लावलेलं कार्ड असतं. स्पर्धेच्या दिवशी दारातल्या टेबलावर ते दाखवायचं, सही करायची, आणि शेवटी चिटणीस सगळ्यांसाठी एक सही करतो. वाजवणारा उसना आणायचा नाही, यापेक्षा मोठा नियम आमच्यात नाही. परीक्षक तर हॉलच्या मधोमध पडदे लावलेल्या खोक्यात कोंडलेला असतो, सँडविच आणि थर्मास घेऊन, सकाळपासून. आपल्यासमोर कुठला बँड आलाय हे त्याला कळता कामा नये. त्यानं आतून शिट्टी मारली की आपण सुरू करायचं. तेव्हा तिथे उसना माणूस बसवणं म्हणजे आंधळ्याच्या ताटातलं उचलण्यासारखं. आमच्या लहान मुलांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

“उसना माणूस आणला होता?” मी विचारलं.

“सुंदर वाजवलं त्यानं. आपण दुसरे आलो.”

“कुणाच्या कार्डावर?”

“पत्रात लिहिलंय?”

“नाही.”

“मग नाही.”

“असं कसं? मंडळानं विचारलं असेलच की!”

“विचारलं. लीड्सला बोलावून तीन वेळा विचारलं. नाव सांग, त्या एकट्याला बाहेर काढतो, बँडला सोडतो, म्हणाले.”

“मग?”

“मग काय? नाही सांगितलं. नाही सोडला बँड.”

ते एवढ्या शांतपणे म्हणाले की मला दोन क्षण लागले.

“म्हणजे तुम्ही नाव सांगितलं असतं तर बंदी आलीच नसती? लोक पळाले नसते? आपण त्या... त्या दातपडक्या पोरांच्या मागे आलो नसतो?”

“गुरुवारी विचारलंस ना? हो म्हणालो ना मी?”

“मूर्खपणा आहे हा!” मी किंचाळलेच. “एका माणसासाठी सगळा बँड! कोण लागून गेला होता तो? आणि एवढं पाठीशी घालायचं होतं तर पत्र तरी कशाला लिहिलंत?”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. प्रेमळ वगैरे नाही हां. आजोबा बघतात तसं तर मुळीच नाही. दारात उभ्या राहिलेल्या विक्रेत्याकडे बघतात तसं.

“मी तीस वर्षं डेपोत बसचे ब्रेक तपासले. गाडीखाली झोपायचं, बघायचं, उठून सही करायची. पोरं म्हणायची, डेरेक, कालच बघितलेत, कर की सही. नाही केली कधी. डिसेंबरात, बर्फात, पाठीखाली पोतं घालून बघितले, मग केली. माझ्या सहीची एक बस डोंगर उतरताना कुठे घसरली नाही. आणि त्या दिवशी तिथे टेबलावर पेन हातात दिलं, चोवीस जण माझ्या तोंडाकडे बघत होते, कर डेरेक, कर डेरेक. केली. दोन दिवस जेवण गेलं नाही. सही माझी होती, म्हणून मी मागे घेतली. दुसऱ्याचं नाव सांगणं हे माझं काम नव्हतं. ज्याचं नाव त्याला तोंड होतं.”

मग लगेच, “झालं? नऊ पन्नास झालेत. तुझी पोरं येतील. त्या लाल केसांच्या मुलीला पाठ ताठ ठेवायला सांग, पोत्यासारखी बसते.”

मला इतका राग आला होता की फाईल त्यांच्या टेबलावर आपटावी असं वाटलं. आपटायला उचलली आणि खालचा कागद बाहेर सरकला. त्या दिवशीच्या स्पर्धेची यादी, वाजवणाऱ्या पंचवीस जणांची, आणि तिला टाचलेला परीक्षकाचा शेरा. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, ‘पहिल्या कॉर्नेटचं एकट्याचं वादन आजच्या दिवसातलं सर्वोत्तम. असा सूर वर्षानुवर्षं ऐकायला मिळत नाही.’ यादीत पहिल्या कॉर्नेटपुढे नाव होतं, एन. ओल्डरॉइड.

माझे बाबा! अभिमानानं माझ्या अंगावर काटाच आला. दिवसातलं सर्वोत्तम! बाबांनी हे कधी सांगितलं कसं नाही? मला तर हॉकीत तिसरा नंबर आला तरी आठवडाभर सांगत फिरते मी.

आणि मग मी तारीख वाचली. एकवीस मार्च.

आमच्या घरात एक गोष्ट दर नाताळला सांगतात. आईबाबांचं लग्न त्याच वर्षीच्या चार एप्रिलचं. त्याच्या बरोबर महिनाभर आधी बाबा छताची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडले आणि समोरचे वरचे दोन दात गेले. लग्नाच्या एकाही फोटोत त्यांचं तोंड उघडं नाही. दातांच्या डॉक्टरांची तारीख मे महिन्यातली मिळाली. तोवर नवरदेव नळीनं सूप प्यायचा आणि चर्चमध्ये ‘हो’ म्हणाला तेव्हा शिट्टी वाजली. इथे सगळे हसतात. आजी तर दर वर्षी हसता हसता रडते.

समोरचे वरचे दोन दात नसताना कॉर्नेट वाजत नाही. वाजूच शकत नाही, ओठ टेकणार कशावर? चार मार्चपासून मेपर्यंत माझ्या बाबांना कॉर्नेटमधून हवासुद्धा काढता आली नसती. आणि एकवीस मार्चला त्यांच्या नावावर दिवसातला सर्वोत्तम सूर.

“मिस्टर हर्स्ट,” मी म्हटलं. “हे कार्ड...”

“फाईल जागेवर ठेव,” ते म्हणाले. “आणि या वेळी स्टूल घे.”

मी स्टूल घेतलं.

रविवारी दुपारी आमच्याकडे भाजलेलं मांस, बटाटे आणि आईची फुगलेली, गोड नसलेली पुडिंगं, नेहमीप्रमाणे. बाबांनी ताटाशेजारी सोमवारच्या भाषणाचा कागद ठेवला होता. ते एक घास खायचे आणि एक ओळ वाचायचे.

“‘मित्रहो, सतरा वर्षांपूर्वी या बँडकडे सगळा उत्तर इंग्लंड मान वर करून बघत होता. आज आपण कुत्र्यांच्या तोंडी आहोत. आणि का?’ इथे मी थांबणार. ‘का’ म्हणून थांबायचं आणि त्याच्याकडे बघायचं. कसं वाटतं?”

“बाबा, तुमचे दात किती तारखेला पडले?”

आईचा सुरीचा हात थांबला. बाबांचा थांबला नाही. ते बटाट्याचे तुकडे करत राहिले, बारीक, आणखी बारीक, लहान बाळाला भरवायचे असावेत तसे.

“कुणी सांगितलं तुला? त्यानं?”

“नाही. तो काही सांगत नाही. तीच तर त्याची खोड आहे. यादीवर तारीख होती.”

“म्हटलं होतं ना तुला, कपाटात हात घालू नकोस!”

“उंदीर म्हणाला होतात. उंदीर नव्हते.”

“टिली!” बाबांनी काटा आपटला. रस्सा कागदावर उडाला. “तुला काय कळतंय गं? सगळेच बँड करत होते तेव्हा. एक ना एक माणूस उसना असायचाच. तोंडात दात नाहीत आणि सतरा दिवसांवर आयुष्यातली सगळ्यात मोठी स्पर्धा! बँडमास्तर म्हणाला, कार्ड दे नील, तुझ्यासारखाच दिसतो तो लांबून. दिलं. मी काय घरी लोळत होतो? गेलो होतो सगळ्यांबरोबर बसनं. मागच्या दाराशी उभा राहून ऐकलं सगळं. टाळ्या ऐकल्या. माझ्या नावाच्या टाळ्या, आणि मी कचऱ्याच्या पेट्यांपाशी उभा.”

पण मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. खरं सांगते, नाही आली.

“चोवीस माणसं गप्प बसली,” ते म्हणाले. “चोवीस! एकालाच का बसवलं नाही?”

“बसले की! सतरा वर्षं बसलेत. तुमच्या नावावर.”

“मी सांगितलं नव्हतं त्याला बसायला!”

“उठायलाही नाही सांगितलंत.”

“तोंड सांभाळ. बापाशी बोलतेयस.”

“नील,” आई म्हणाली. तिनं सुरीकाटा ताटात अगदी सरळ रेषेत ठेवला. “तिला ओरडू नकोस. मी लग्नाआधीच म्हटलं होतं, जा आणि सांग. तू म्हणालास, लग्न होऊ दे. मग म्हणालास, घर होऊ दे. मग टिली झाली. मग म्हणालास, आता जुनं झालं. दर नाताळला ती दातांची गोष्ट निघते आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासायला जाते, लक्षात आलंय का तुझ्या कधी?”

बाबांच्या नसेल आलं. माझ्याही आलं नव्हतं. मला वाटायचं आईला भांडी साठलेली आवडत नाहीत.

“कायमची बंदी आली असती मला,” बाबा म्हणाले, आता हळू. “कॉर्नेटला हात लावता आला नसता परत.”

“तुम्ही वाजवता तरी कुठे?” मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. नवे दात बसवल्यावर बाबांना तो सूर परत कधी सापडला नाही. दोन वर्षं धडपडले आणि मग अध्यक्ष झाले, हे मला माहीत होतं. पण जीभ काय थांबते?

बाबा कागदावरचे रश्श्याचे डाग पुसत राहिले. पुसून पुसून ‘मित्रहो’ पुसलं गेलं.

“काय करू म्हणतेस मग?” त्यांनी विचारलं, पण भांडायच्याच आवाजात. “सतरा वर्षांनी उभं राहून सांगू? कीथसमोर? तुझ्या त्या मैत्रिणींसमोर? दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात कोण येईल? सोमवारी तो जाईल, आठवड्यात सगळे विसरतील. म्हातारा माणूस आहे, घरी बसेल, टीव्ही बघेल. काय फरक पडतो त्याला? ऐकू तरी येतो का त्याचा बॅरिटोन कुणाला?”

मी गुरुवारची तालीम आठवून बघितली. माझी एकटीची ओळ येते तेव्हा सगळा बँड थांबतो आणि माझ्याखाली एकच जाड, मऊ सूर चालू असतो, गालिच्यासारखा. मी दर वेळी त्यावर उभी राहते आणि वाजवते. तो कुणाचा आहे हे मी कधी मान वळवून बघितलं नव्हतं. त्यांनी मात्र माझा श्वाससुद्धा ऐकला होता.

“मला येतो,” मी म्हटलं. “आणि त्यात चहाची पिशवी मी टाकली होती. तेही मी उद्या सांगणार आहे.”

“तेही म्हणजे?” बाबा म्हणाले.

मी उठून उभी राहिले.

“उद्या सात वाजता सभा आहे. पहिलं भाषण अध्यक्षांचं असतं. तुम्ही उभे राहा आणि कार्ड कुणाचं होतं ते सांगा, मी सगळ्यात पुढे बसून टाळ्या वाजवीन. खरंच वाजवीन, बाबा. नाही सांगितलंत तर दुसरं भाषण माझं आहे, आणि ते मी सांगणार. आई, तूही ऐकून ठेव, माझं ठरलंय.”